वाचकांचे प्रश्न: जुनी लष्करी सेमी-ऑटो रायफल, फायर करायला की जपायला?

मागच्या अंकात एम-१ गॅरंडवर लेख आला होता. जॉन गॅरंड या माणसाने मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्ड आर्मरीत घडवलेली आणि अमेरिकन सैन्याने १९३६ मध्ये घेतलेली ती आठ गोळ्यांची सेमी-ऑटो रायफल (सेमी-ऑटो म्हणजे एका दाबाला एक गोळी, पुढची आपोआप भरली जाते). तेव्हापासून प्रश्न येतच आहेत. बहुतेक अमेरिकेतल्या आपल्या लोकांचे आहेत, कारण सैन्याने काढून टाकलेल्या जुन्या रायफली, ज्यांना सगळे सर्प्लस म्हणतात, तिथे साध्या माणसाला कायद्यात राहून विकत घेता येतात. सगळ्यांना इथे उत्तर देता येणार नाही म्हणून ज्यांचा इतरांनाही उपयोग होईल असे प्रश्न घेतलेत.

प्रश्न: नमस्कार, मी एडिसन, न्यू जर्सीला असतो, ग्रीन कार्ड आहे, क्लबमध्ये .२२ नियमित मारतो. एका दुकानात गॅरंड बघितली, लाकूड एकदम चकाचक, दुकानदार म्हणतो दुसऱ्या महायुद्धातली आहे आणि एकही पार्ट बदललेला नाही, किंमतही त्याच हिशोबाने सांगतोय. नेमकं काय बघू? आणि एम-१ कार्बाइन हलकी असते म्हणे, त्यापेक्षा ती घेऊ का?

उत्तर: कार्बाइनचं आधी सांगतो कारण ते लगेच संपतं. न्यू जर्सीच्या कायद्यात ज्या बंदुका नाव घेऊन बंद केल्यात त्या यादीत एम-१ कार्बाइन आहे, तेव्हा तुमच्या राज्यात तो विषय डोक्यातून काढा. वाईट वाटतं, कारण फार गोड रायफल आहे, साठ लाखांहून जास्त बनल्या आणि बनवणाऱ्यांत आयबीएम होती, ज्यूकबॉक्स बनवणारी रॉक-ओला होती, आयबीएमचा शिक्का असलेली कार्बाइन हातात घेतली की आयटीवाल्या माणसाला भरून येतं. पण कायदा म्हणजे कायदा. गॅरंड तुम्हाला चालेल, राज्याचं फायरआर्म्स पर्चेसर कार्ड लागेल, ते क्लबवाले सांगतीलच.

आता गॅरंड. दुकानात जायच्या आधी घरी बसून एक गोष्ट ठरवा, तुम्हाला ही रायफल दर महिन्याला रेंजवर न्यायचीय की कपाटात जपायचीय. दोन्हीसाठी बघायच्या गोष्टी वेगळ्या, किमती वेगळ्या, आणि माणसं इथेच फसतात, म्हणजे जपायच्या रायफलीची किंमत मोजतात आणि फायर करायला घेऊन जातात. तुमच्या पत्रावरून तुम्ही मारणारे वाटता, म्हणून त्याच अंगाने सांगतो.

"एकही पार्ट बदललेला नाही" हे वाक्य ऐकलं की सावध व्हा. युद्ध संपल्यावर अमेरिकन सैन्याने यातल्या बहुतेक रायफली सरकारी वर्कशॉपमध्ये नेल्या, उघडल्या, पार्ट वेगवेगळ्या पेट्यांत टाकले, तपासले आणि हाताला येईल तो चांगला पार्ट घेऊन परत जोडल्या. त्यामुळे रिसीव्हर (म्हणजे बोल्ट आणि नळी ज्यात बसतात तो मुख्य सांगाडा) १९४३ चा, नळी १९५० च्या दशकातली, बोल्ट तिसऱ्याच कंपनीचा, हे अगदी नॉर्मल आहे, त्यात काही खोट नाही. उलट सगळं १९४३ चं दिसतंय तर बऱ्याचदा एखाद्या शौकिनाने नंतर पार्ट जमवून बसवलेलं असतं. साधी परीक्षा सांगतो, दुकानदाराला विचारून ऑपरेटिंग रॉड (गॅसच्या जोराने बोल्ट मागे नेणारा लांब दांडा) मागे खेचून धरा, म्हणजे नळीच्या उजव्या अंगावर छापलेला महिना आणि वर्ष दिसतं (स्प्रिंगफील्डच्या नळीवर असतं, युद्धकाळातल्या विंचेस्टरच्या नळीवर तारीख नसते). रिसीव्हरच्या मागच्या टोकावरच्या नंबरवरून तो साधारण कधीचा ते कळतं. दोन्हीत दहा वर्षांचा फरक निघाला तर दुकानदाराचं बोलणं तिथेच पडलं. मागची साइट, म्हणजे नेम धरायची खूण, तीही बघा, युद्धात ज्या गेल्या त्यातल्या बऱ्याच जणींवर लॉक-बारवाली साइट होती (साइट जागेवर घट्ट धरायला बाजूला पट्टी असलेली), नंतर बहुतेकांवर ती काढून नवी बसवली, आणि आता लॉक-बारच्या नकलासुद्धा बाजारात आहेत.

लाकूड चकाचक आहे म्हणता, म्हणजे बहुधा पॉलिश पेपर मारलाय. त्याने दस्त्यावरचे सरकारी शिक्के जातात, शौकिनासाठी किंमत तिथेच कोसळते, मारणाऱ्याला त्याचं काही नाही. फक्त घासून घासून लाकूड सैल झालेलं नसावं. ट्रिगर गार्ड बंद करताना शेवटी थोडा जोर लागला पाहिजे, अलगद बसला तर लाकूड आणि लोखंड घट्ट धरलेलं नाही आणि नेम इकडे तिकडे जाणार.

मग खरं काम, नळी. आधी चेंबर (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं ती जागा) रिकामं आहे हे डोळ्याने बघा, बोटाने चाचपा. नळीचं तोंड बघा, कारण गॅरंडचा रिसीव्हर मागून बंद असतो, साफ करायचा गज पुढूनच घालावा लागतो, आणि बराकीत वर्षानुवर्षं पोरांनी स्टीलचे गज खसाखसा मारून कित्येक नळ्या तोंडाशीच खाऊन टाकल्यात. फायर करून जेवढ्या गेल्या नसतील तेवढ्या साफ करून गेल्या असं जुने लोक सांगतात आणि मला ते पटतं. लोक .३०-०६ चं, म्हणजे गॅरंडचं, काडतूस उलटं करून गोळीचं टोक नळीच्या तोंडात घालून बघतात किती आत जातं, पूर्ण आत गेलं तर तोंड झिजलं. ही परीक्षा करायचीच तर डमी काडतुसाने करा, जिवंत काडतूस नळीत घालायचं नाही, दुकानात तर नाहीच. त्यापेक्षा दोन गेज, म्हणजे मोजायची साधनं, असतात, एक तोंडासाठी आणि एक घशासाठी (घसा म्हणजे चेंबरच्या पुढे जिथून आटे, म्हणजे नळीतल्या आतल्या पिळाच्या खाचा, सुरू होतात ती जागा), ज्या दुकानदाराकडे हे गेज आहेत आणि जो ते स्वतःहून काढतो त्याच्याकडून घ्यावं. आकडा जेवढा लहान तेवढी झीज कमी. आटे जरा काळपट दिसले तर घाबरू नका, आटे टोकदार आणि तोंड चांगलं असेल तर अशी नळी छान मारते.

हेडस्पेस, म्हणजे बोल्ट बंद झाल्यावर काडतुसाला मागे किती मोकळी जागा उरते, ती गेजवर बघायची. .३०-०६ साठी गो गेज १.९४० इंच, त्यावर बोल्ट बंद व्हायला हवा, आणि फील्ड गेज १.९५० इंच, त्यावर बंद होता कामा नये. झालाच तर ती रायफल गनस्मिथकडे न नेता फायर करायची नाही, यावर चर्चाच नको. गेज लावताना बोल्टमधला एक्स्ट्रॅक्टर (पुंगळी ओढून काढणारा) आणि इजेक्टर (ती बाहेर फेकणारा) काढायचा असतो, नाहीतर चुकीचं उत्तर येतं, म्हणून हे काम गनस्मिथकडूनच करून घ्या, थोडे डॉलर जातील.

ऑपरेटिंग रॉड नीट बघा. जुन्या रॉडला कोपऱ्यात काटकोन होता, तिथे तडा जायचा, म्हणून नंतर सैन्याने तिथे गोल खाच मारली. खाच नसलेला रॉड शौकिनांना हवाच असतो आणि महाग जातो, पण फायर करायच्या रायफलीत तो नको. हा एकच पार्ट बघा, जपणाऱ्याला सोन्यासारखा आणि मारणाऱ्याला धोक्याचा. रॉड वाकलाय का हे बघायला त्याची स्प्रिंग काढून रायफल पुढे-मागे कलती करतात, रॉड स्वतःच्या वजनाने सहज सरकला पाहिजे, कुठे अडखळला तर काहीतरी घासतंय. रॉडच्या पुढच्या टोकाचा पिस्टन मायक्रोमीटरने मोजा, नवा ०.५२६ इंच असतो, ०.५२५ च्या खाली गेला की गॅस निसटतो आणि रायफल नीट चालत नाही.

आणि शेवटचं, रीवेल्ड. सैन्याने काही रिसीव्हर कापून भंगारात टाकले होते, ते कुणीतरी विकत घेऊन परत वेल्ड करून रायफली बनवल्या. रिसीव्हरवर कुठे शिवण दिसतेय का, अक्षरं तिरकी किंवा विरळ आहेत का, वरचा पृष्ठभाग एका जागी वेगळाच दिसतोय का ते टॉर्च लावून बघा. शंका आली तरी सोडून द्या, किंमत कितीही चांगली असो. त्या रिसीव्हरच्या मागे तुमचा चेहरा असतो.

जाता जाता, गाडीने बोस्टनकडे गेलात तर वाटेत स्प्रिंगफील्डला थांबा, जुन्या आर्मरीचं आता म्युझियम झालंय, नॅशनल पार्कवाले चालवतात. खरी युद्धकाळातली रायफल कशी दिसते ते एकदा डोळ्यांत साठवलं की दुकानात फसणं अवघड.

प्रश्न: मी डॅलसला आहे, एच-१बी वर. मित्र रेंजवर बोलावतात, एकदा मारलीसुद्धा. आता स्वतःची एसकेएस, म्हणजे जुन्या रशियन घडणीची सेमी-ऑटो रायफल, घ्यावी म्हणतोय. एक मित्र सिटिझन आहे, तो म्हणतो मी माझ्या नावावर घेतो, तू पैसे दे. चालेल ना?

उत्तर: नाही चालणार, आणि तो मित्र कितीही जवळचा असो त्याला आजच नाही म्हणा. दुसऱ्यासाठी स्वतःच्या नावावर बंदूक घेणं आणि फॉर्मवर मीच खरा खरेदीदार आहे असं लिहिणं हा फेडरल गुन्हा आहे, दोघेही अडकाल आणि तुमचा तर व्हिसाच जाईल.

एच-१बी, एल-१, एफ-१ अशा व्हिसावर असलेल्या माणसाला फेडरल कायद्याने बंदूक किंवा काडतुसं जवळ बाळगायला मुळात बंदी आहे, आणि जवळ बाळगणं म्हणजे विकतच घेणं असं नाही, रेंजवर भाड्याने हातात घेणंही त्यात येऊ शकतं, हे आपल्या कितीतरी मुलांना माहीतच नसतं. याला काही अपवाद आहेत, त्यातला नेहमी वापरला जाणारा म्हणजे अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचं चालू हंटिंग लायसन्स. ते संपलं की अपवादही संपला. ग्रीन कार्डवाल्यांना ही बंदी लागत नाही. तुमच्या बाबतीत इमिग्रेशन आणि बंदुका दोन्ही समजणाऱ्या वकिलाला एकदा पैसे देऊन विचारा, रायफलीच्या किमतीपुढे ती फी काहीच नाही. आणि सरकारी गॅरंड थेट विकणारी सीएमपी म्हणजे सिव्हिलियन मार्क्समनशिप प्रोग्राम नावाची संस्था आहे, तिथे नागरिकत्वाचा पुरावा मागतात, म्हणजे तो रस्ता तुमच्यासाठी अजून लांब आहे.

प्रश्न: अटलांटाजवळ राहतो, सिटिझन आहे. युगोस्लाव्हियाची एसकेएस घेतली, एम-५९/६६, ग्रीसमध्ये बुडवून ठेवलेली होती, वरून पुसली. दुसऱ्यांदा रेंजवर नेली तर एकदा चाप दाबला आणि धडाधड तीन गोळ्या सुटल्या! मित्र म्हणाले भारी, फुकटात ऑटोमॅटिक मिळाली. मला मात्र घाम फुटला. काय झालं असेल?

उत्तर: तुम्हाला घाम फुटला ते बरोबर झालं, मित्रांचं ऐकू नका. ती रायफल पुन्हा एक गोळीही न मारता बाजूला ठेवा. अशी चालणारी रायफल धोकादायक तर आहेच, शिवाय एका दाबात जास्त गोळ्या झाडणारं हत्यार तसंच ठेवलं तर कायद्याच्या दृष्टीनेही तुमच्यावर बालंट येऊ शकतं.

याला स्लॅम-फायर म्हणतात. एसकेएसच्या बोल्टमध्ये फायरिंग पिन मोकळी असते, मागे ढकलणारी स्प्रिंग नसते (अगदी सुरुवातीच्या रशियन एसकेएसमध्ये होती). सैन्याने साठवताना जे घट्ट पिवळं-तपकिरी ग्रीस भरलं, कॉस्मोलिन म्हणतात त्याला, ते बोल्टच्या आत पिनच्या भोकात गेलेलं असतं. वरून पुसून ते निघत नाही. सुरुवातीला पिन थोडी हलते म्हणून पहिल्या दिवशी काही झालं नाही, नंतर ग्रीस आणि जळक्या दारूची काजळी मिळून चिकटा झाला, पिन पुढे अडकली, आणि बोल्ट बंद होताना पिनच्या टोकाने प्रायमरला (काडतुसाच्या बुडातली पेट घेणारी टिकली) आपोआप ठोकलं. बोल्ट नीट लॉक व्हायच्या आधी गोळी सुटली तर पुंगळी फाटते आणि गरम गॅस तुमच्या तोंडावर येतो, लोकांचे डोळे गेलेत असे.

काम असं आहे. बोल्ट कॅरियरपासून वेगळा करा, आडवी पिन काढून फायरिंग पिन बाहेर काढा. हे कधी केलं नसेल तर पहिल्यांदा माहीतगार माणसाला शेजारी बसवा. सगळं मिनरल स्पिरिटमध्ये भिजत ठेवा, भोक पाइप क्लीनरने साफ करा, परत परत, पांढरा कपडा पांढराच बाहेर येईपर्यंत. पिनचं टोक बघा, वाकडं किंवा कुरतडलेलं नसावं. परत जोडल्यावर बोल्ट कानाशी धरून हलवा, पिन आत खुळखुळ वाजली पाहिजे. हा आवाज आल्याशिवाय कधीच रेंजवर जायचं नाही, दर वेळी, सवय लावून घ्या. पिनच्या भोकात तेल घालायचं नाही, कोरडं ठेवायचं.

पण तुमच्या बाबतीत चापाच्या यंत्रणेतही दोष असू शकतो, सिअर (हॅमर अडवून धरणारा खटका) झिजला किंवा कुणी चाप हलका करायला घासला असेल तरी हेच होतं. म्हणून साफ केल्यावर गनस्मिथकडून ती यंत्रणा तपासून घ्या. मग रेंजवर पहिल्यांदा मॅगझिनमध्ये एकच गोळी, मग दोन, अशा बऱ्याच वेळा दोन-दोन मारून बघा, सगळं नीट चाललं तरच दहा भरा.

आणखी दोन गोष्टी, तुम्ही विचारल्या नाहीत तरी सांगतोच. एक, युगोस्लाव्ह एसकेएसच्या नळीला आतून क्रोम नसतं, बाकी बहुतेक देशांच्या एसकेएसला असतं. म्हणून स्वस्तातली जुनी युगोस्लाव्ह काडतुसं मारली तर सांभाळा, ती कोरोसिव्ह असतात, त्यांच्या प्रायमरमधून पोटॅशियम क्लोराइड नावाचं मीठ नळीत उरतं, हवेतलं पाणी शोषतं आणि एका रात्रीत गंज धरतो, आणि जॉर्जियातली दमट हवा तर आपल्या कोकणाची आठवण करून देणारी. तेल किंवा सॉल्व्हंटने मीठ निघत नाही हे लक्षात ठेवा, मीठ पाण्यातच विरघळतं. त्याच दिवशी घरी आल्यावर गरम पाणी नळीतून, गॅस ट्यूबमधून, पिस्टनवर, बोल्टच्या तोंडावर सगळीकडे ओता, पूर्ण कोरडं करा आणि मग तेल. नळी साफ करून गॅस ट्यूब तशीच ठेवणारे खूप आहेत, बोल्ट-अ‍ॅक्शनवरून (दर गोळीला हाताने बोल्ट ओढायच्या रायफलीवरून) आलेल्यांना ती लक्षातच येत नाही, आणि सहा महिन्यांनी पिस्टन आतच गंजून बसलेला असतो.

दोन, तुमच्या मॉडेलला ग्रेनेड फेकायची सोय होती, म्हणून गॅस बंद करायचा एक व्हॉल्व आहे. तो बंद राहिला तर रायफल दर गोळीला हाताने लोड करावी लागते, आणि तो झिजलेला असेल तर गॅस गळून अधूनमधून अडकते. रायफल अडकायला लागली की लोक एक्स्ट्रॅक्टरला दोष देतात, आधी तो व्हॉल्व बघा.

प्रश्न: सातारा जिल्हा. वडील सैन्यात होते, एसएलआर चालवायचे, तिचं कौतुक अजून करतात. इथे भारतात अशी जुनी एसएलआर किंवा गॅरंड लायसन्सवर घेता येईल का?

उत्तर: वडिलांना आमचा नमस्कार सांगा. इशापूरला बनलेली १ए१ एसएलआर म्हणजे बेल्जियमच्या एफएएल घराण्यातली, ७.६२ ची, आणि १९६२ ला चीनसमोर आपले जवान .३०३ बोल्ट-अ‍ॅक्शन घेऊन उभे होते हे ज्यांनी बघितलं त्या पिढीला एसएलआरचं एवढं कौतुक का हे सांगायला नको.

पण साध्या लायसन्सवर मिळणार नाही. सेमी-ऑटो सेंटरफायर रायफल (जिच्या काडतुसाचा प्रायमर बुडाच्या मध्यभागी असतो ती) आणि लष्करी बोअरची हत्यारं आपल्याकडे सर्वसाधारण नागरिकासाठी बंदच आहेत, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर तर एका माणसाकडे दोनच हत्यारं ठेवता येतात. कुणी "जुगाड करून देतो" म्हणालं तर त्याच्या सावलीलाही उभं राहू नका. नेमबाजीची हौस असेल तर एअर रायफल आणि .२२ चा रस्ता मोकळा आहे आणि तो आपल्या शेजारूनच जातो, कोल्हापूरची तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला प्रोनमध्ये, म्हणजे झोपून मारायच्या प्रकारात, विश्वविजेती झाली आणि राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं ब्राँझ आणलं. वडिलांना घेऊन एखाद्या रेंजवर जा, एसएलआरवाला हात .२२ वर किती स्थिर असतो ते बघा.

(ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियातूनही हाच प्रश्न आलाय. ब्रिटनमध्ये १९८८ पासून आणि ऑस्ट्रेलियात १९९६ च्या पोर्ट आर्थर हत्याकांडानंतर सेमी-ऑटो सेंटरफायर साध्या शौकिनासाठी बंद झाली. तिथल्या मंडळींनी जुन्या बोल्ट-अ‍ॅक्शनकडे वळावं, त्यावर पुन्हा केव्हातरी लिहू.)

प्रश्न: फिनिक्स, अ‍ॅरिझोना. शेजारच्या म्हाताऱ्या गृहस्थांकडून इजिप्तची हकीम रायफल रीतसर घेतली. बोल्ट कसा उघडायचा तेच कळेना, यूट्यूबवर एकाचं बोट चिरडलेलं बघितलं. आणि ही गोळ्यांच्या पुंगळ्या वीस फूट लांब फेकते म्हणे. असंच असतं का?

उत्तर: असं नसावं, पुंगळी इतकी लांब जातेय म्हणजे गॅस जास्त जातोय. हकीम म्हणजे स्वीडनच्या ल्युंगमन रायफलीची मोठी बहीण, १९५० च्या दशकात इजिप्तने स्वीडनकडून यंत्रसामग्री घेऊन ७.९२×५७ मध्ये बनवली. यात पिस्टन नाही, नळीतला गॅस एका बारीक नळीतून सरळ बोल्ट कॅरियरवर येऊन आदळतो. किती गॅस सोडायचा ते ठरवायला वर एक अ‍ॅडजस्टमेंट आहे आणि खरी मेख तिथे आहे. ती कमीत कमीवर आणून सुरुवात करा, एक-एक गोळी भरून मारा, रायफल पुंगळी फेकत नसेल तर थोडा उघडा, पुंगळी बाहेर पडायला आणि बोल्ट मागे अडकून राहायला जेवढा लागतो तेवढाच गॅस. काडतुसाची कंपनी बदलली की हे परत करायचं, कारण अमेरिकन कंपन्या ८ एमएम माउझर मुद्दाम हलकी भरतात आणि युरोपियन कंपन्या पूर्ण ताकदीची.

बोल्टचं वरचं कव्हर आधी पुढे ढकलायचं आणि मग मागे, तेव्हा बोल्ट अडकतो किंवा सुटतो. सुटतो तेव्हा बोट मध्ये असेल तर हाड मोडेल एवढी ताकद आहे त्यात. रिकाम्या रायफलीवर, बोटं कायम बाहेर ठेवून, हात सरावेपर्यंत हे करा आणि मगच काडतूस हातात घ्या.

याच निमित्ताने बाकीच्यांबद्दल. रशियन एसव्हीटी-४० ला गॅसचे पाच टप्पे असतात, नियम हाच, खालून सुरुवात. जर्मन गेवेर ४३ मध्ये मुळातच गॅस जास्त आहे आणि युद्धाच्या शेवटी शेवटी घाईत बनवलेल्या पार्टांवर तो मार बसतो, तिचे पार्ट मोडले तर मिळत नाहीत आणि मिळाले तर रायफलीएवढी किंमत सांगतात. गॅस कमी करायची सोय बसवल्याशिवाय ती मारू नये, आणि खरं सांगायचं तर माझ्या मते ती जपायचीच रायफल आहे. फ्रेंच मास ४९/५६ घेताना ती मूळ ७.५ ची आहे ना ते बघा, अमेरिकेत आणताना .३०८ मध्ये बदललेल्या बऱ्याच आहेत आणि त्यातल्या अनेकांचं काम ओबडधोबड आहे.

प्रश्न: कोलंबस, ओहायो. मी पन्नाशीची, उंची पाच फूट दोन इंच, दोन वर्षं क्लबमध्ये जातेय. कॅम्प पेरीला गॅरंडची मॅच असते त्यात उतरायचंय, नवऱ्याची सीएमपीची गॅरंड घरात आहे. धक्का झेपेल का? अंगठा मोडतो म्हणतात ते खरं का? आणि शेवटची गोळी झाली की टिंग वाजतं ते ऐकून शत्रू हल्ला करायचा म्हणे?

उत्तर: ताई, तुमचं पत्र वाचून फार बरं वाटलं, जरूर उतरा. कॅम्प पेरी तुमच्या राज्यातच लेक ईरीच्या काठी आहे, उन्हाळ्यात मॅचेस असतात, आणि तिथे सत्तरीतले आजोबा आणि कॉलेजातल्या मुली शेजारी शेजारी झोपून मारत असतात.

धक्का झेपतो. गॅरंड साडेनऊ पौंडांची आहे, ते वजन धक्का खातं, थोडा धक्का बोल्ट मागे नेण्यात खर्च होतो, त्याच काडतुसाच्या हलक्या शिकारी रायफलीपेक्षा खांद्याला कितीतरी सौम्य. उंची कमी असलेल्यांना त्रास होतो तो दस्ता लांब पडण्याचा, म्हणून खांद्यात घट्ट ओढून धरा, गाल लाकडाला टेकवून मान पुढे, आणि स्लिंग, म्हणजे रायफलीचा पट्टा, दंडाला आवळून बांधा. वजन स्लिंगने पेलायचं असतं, दंडाच्या स्नायूंनी नाही. हे जमलं की मग नेम, झोपून डोळे मिटा, श्वास सोडा, डोळे उघडा, माशी, म्हणजे नळीच्या टोकाची साइट, टार्गेटवर नसेल तर रायफल ओढून आणू नका, कंबर आणि कोपर हलवून पूर्ण शरीर फिरवा. मागच्या साइटची एक क्लिक म्हणजे १०० यार्डांवर साधारण एक इंच, २०० वर दोन इंच, हे पाठ असू द्या, वहीत आपल्या रायफलीचे क्लिक लिहून ठेवा. साधी चांगली गॅरंड १०० यार्डांवर तीन-चार इंचांत गोळ्या ठेवते, त्यापेक्षा चांगलं आलं तर आनंद माना.

अंगठ्याचं खरं आहे. आठ गोळ्यांची क्लिप अंगठ्याने खाली दाबली की बोल्ट आपोआप पुढे झेपावतो. उजव्या तळहाताच्या कडेने ऑपरेटिंग रॉडचं हँडल मागे अडवून धरायचं, क्लिप दाबायची, अंगठा वर काढायचा आणि मगच हँडल सोडायचं. साफ करताना जास्त अंगठे चेपतात, कारण तेव्हा लक्ष नसतं.

एकच गोळी मारायची असेल तर ती चेंबरमध्ये टाकून बोल्ट धाडकन सोडू नका, गॅरंडचीही फायरिंग पिन मोकळी असते, वर अटलांटाच्या वाचकाला जे सांगितलं ते इथेही लागू आहे. काडतुसं १५० ग्रेनची (ग्रेन म्हणजे गोळीचं वजन मोजायचं माप), डब्यावर एम-१ गॅरंडसाठी लिहिलेली घ्या. शिकारीची १८० ग्रेनची जड काडतुसं नकोत, त्यातली सावकाश जळणारी दारू गॅसच्या भोकापाशी जास्त दाब देते आणि ऑपरेटिंग रॉड वाकतो. मॅचच्या आधी रॉडची स्प्रिंग मोजा, १९ इंचांखाली गेली असेल तर नवी टाका, स्वस्त असते आणि मधल्या गोळीला अडकायचा निम्मा त्रास तिथेच संपतो. सरकणाऱ्या जागांना ग्रीस लावा, बोल्टच्या लगला (बोल्ट लॉक करणाऱ्या उंचवट्यांना), रॉडच्या खाचेला, पण गॅस सिलिंडर आतून कोरडा.

टिंगचं म्हणाल तर क्लिप उडताना आवाज होतो हे खरं. पण शेजारी शेजारी दहा जण फायर करतायत, तोफा चालू आहेत, त्यात शंभर यार्डांवरून तो टिंग ऐकून कुणी उठून धावत येईल आणि ज्याची क्लिप उडाली त्याच्या शेजारचे बाकीचे नऊ जण भरलेल्या रायफली घेऊन गप्प बसतील, हे मला पटत नाही.

मॅच २०० यार्डांवर असते, आधी पाच सराव गोळ्या, मग दहा सावकाश झोपून, दहा जलद झोपून, दहा उभं राहून, एकूण ३०० गुण. जलदमध्ये ८० सेकंद असतात आणि पहिल्या क्लिपमध्ये दोनच गोळ्या, त्या संपल्या की आठची दुसरी क्लिप भरायची. नवखी मंडळी याच दोन-आठ मध्ये घाबरतात आणि घाईत निम्म्या गोळ्या वाया घालवतात. घरी जिवंत काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवून डमी काडतुसांच्या क्लिपने हाच सराव करा, दोन, क्लिप बदल, आठ. आधी घड्याळ न लावता करा, हात आपोआप चालायला लागले की मग ८० सेकंद लावा.

मॅचला जाताना कानाला बोळे आणि वरून मफ दोन्ही घाला, चष्मा घाला, आणि चेंबरमध्ये घालायचा पिवळा फ्लॅग विसरू नका, त्याशिवाय लाइनवर रायफल ठेवू देत नाहीत.